हिवाळ्यातला अंधार आणि आपली तब्येत : स्टॉकहोमहून एक निफाडकर

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. या भागात डिप्रेशनबद्दल मोकळेपणाने बोललोय. आत्ता ऐकायची मनःस्थिती नसेल तर नंतर ऐका, आणि शेवटी दिलेला हेल्पलाइन नंबर मात्र लिहून ठेवा.)

 

हा भाग मी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी रेकॉर्ड करतोय. घड्याळात दुपारचे चार वाजलेत आणि माझ्या खिडकीबाहेर मिट्ट काळोख आहे. दुपारचे चार, बरं का. तुमच्याकडे या वेळेला लोक चहा टाकतात.

गेल्या महिन्याभरात तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज आले. कोणी एमएससाठी जर्मनीला गेलंय, कोणी आयर्लंडला, कोणी कॅनडाला. पहिलाच हिवाळा आहे. आणि जवळपास प्रत्येकाचा प्रश्न एकच: "दादा, जॅकेट कुठलं घेऊ?"

जॅकेटचं सांगतो, दोन मिनिटांत होईल. पण मला मात्र पहिल्या हिवाळ्यात जॅकेटने दगा दिला नव्हता. मला आडवं केलं ते दुसऱ्याच गोष्टीने, आणि तिच्याबद्दल निघायच्या आधी मला कोणी एक शब्दही सांगितला नव्हता. म्हणून आज ते सांगायला बसलोय.

मी निफाडचा, मला काय थंडी शिकवता?

मी मूळचा निफाड तालुक्यातला. आमची द्राक्षबाग आहे. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की निफाडचं नाव पहिलं येतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पारा चार-पाच अंशांवर उतरतो, आणि मग रात्री बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, म्हणजे मणी तडकत नाहीत. लहानपणी मी अण्णांबरोबर मफलर बांधून त्या शेकोट्यांत काटक्या टाकत बसलोय. त्यामुळे कंपनीने मला स्टॉकहोमला पाठवायचं ठरवलं तेव्हा मी एकदम निवांत होतो. मित्रांना म्हणालो, "अरे, निफाडचा गडी आहे. थंडीचं काय घेऊन बसलात?"

आणि खरं सांगू? थंडीचं काहीच वाटलं नाही. स्टॉकहोममध्ये हिवाळ्यात बरेच दिवस तापमान शून्याच्या आसपास असतं, अधूनमधून खूप खाली जातं. घरं उबदार, ऑफिस उबदार, मेट्रो उबदार. उलट निफाडच्या घरातली फरशी जास्त गार असते!

पण एक गणित मी केलंच नव्हतं. निफाडमध्ये वर्षातला सगळ्यात लहान दिवस जवळपास ११ तासांचा असतो. स्टॉकहोममध्ये २१ डिसेंबरला सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास आणि पावणेतीनला मावळतो. म्हणजे सहा तास. तेही ढग नसतील तर, आणि ढग असतातच.

मी सकाळी आठला निघायचो तेव्हा अंधार. ऑफिसमध्ये माझा डेस्क आतल्या बाजूला. जेवण कँटीनमध्ये. पाचला निघायचो तेव्हा पुन्हा अंधार. सोमवार ते शुक्रवार मी सूर्यच पाहायचो नाही. आणि गंमत म्हणजे ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"लाइट कमी आहे गं"

नोव्हेंबरच्या मध्यापासून झोप वाढली. आधी आठ तास, मग दहा, मग शनिवार-रविवारी बारा-तेरा. उठल्यावर ताजंतवानं वाटायचं नाही. पाव, बटाटा, चॉकलेट, गोड, हेच खावंसं वाटायचं. दीड महिन्यात पाच किलो वजन वाढलं. सकाळच्या स्टँड-अप मीटिंगला कॅमेरा बंद. "आज घरून काम करतो" हे आठवड्यातून एकदा, मग तीनदा, मग रोज.

कोड वाचायचो, पण डोक्यात शिरायचा नाही. एक साधा बग, एरवी तासाभरात सुटला असता, त्यावर मी चार दिवस बसलो. आणि त्या चार दिवसांत मनात एकच टेप वाजत होती: तू आळशी झालास. तुझ्यात दम नाही. एवढं कर्ज काढून शिकवलं, आणि तू इथे येऊन झोपा काढतोस.

आईचा फोन रोज असायचा. तिच्याकडे संध्याकाळचे सात, माझ्याकडे दुपारचे अडीच. तिच्या मागे देवापुढे दिवा लागलेला दिसायचा, आणि इकडे माझ्याही खिडकीत दिवेलागण. ती म्हणायची, "अरे, चेहरा असा काय दिसतोय तुझा? बरं नाही का?" मी म्हणायचो, "काही नाही गं, लाइट कमी आहे इथे."

म्हणजे खोटं बोलताना मी खरंच बोलत होतो. फक्त मला ते कळलं नव्हतं.

मग मी कॉल टाळायला लागलो. "मीटिंग आहे गं आई, नंतर करतो." नंतर करायचो नाही. संक्रांतीला तिने तीन वेळा फोन केला. तिने सुटकेसमध्ये भरून दिलेला तिळगुळाचा डबा मी उघडलाही नव्हता.

आता पुढचं बोलायला मला अजूनही जड जातं, पण त्यासाठीच हा भाग करतोय. जानेवारीत एका रात्री झोपताना मनात सहज विचार आला, की उद्या जाग आलीच नाही तर बरं होईल. रडू नाही, काही नाही. "उद्या दूध आणायचंय" असं आपल्याला आठवतं ना, तितक्या सहज. आणि मला त्याची भीतीही वाटली नाही. भीती वाटली ती सकाळी, ब्रश करताना तो विचार आठवला तेव्हा.

टीममधली ती एक जण

माझ्या टीममध्ये एक फिनलंडची सहकारी आहे. वयाने मोठी, कमी बोलणारी. त्याच आठवड्यात तिचा मेसेज आला: "आज दुपारी बारा वाजता ऑफिसच्या खाली ये. कामाचं काही नाही." मी गेलो. ती म्हणाली, "चल, चालू या." पाणवठ्याच्या कडेने आम्ही अर्धा तास चाललो. ऊन नव्हतंच, नुसता पांढरा-करडा उजेड. शेवटी तिने विचारलं, "तुझा हा पहिला हिवाळा ना? झोप किती होते?"

कसा आहेस असं नाही विचारलं. झोप किती होते, असं विचारलं. "कसा आहेस"ला मी "मस्त" म्हणालो असतो. झोपेचा आकडा मात्र तोंडातून निघाला: तेरा तास. आणि मग बाकीचंही निघालं.

तिने काही उपदेश केला नाही. म्हणाली, "आमच्याकडे हे लहान मुलांनाही माहीत असतं. तुला कोणी सांगितलं नाही, एवढंच. आजच फोन कर." स्वीडनमध्ये ११७७ हा आरोग्य सल्ल्याचा नंबर आहे, नर्स फोनवर बोलते. तिने माझ्याबरोबर उभं राहून तो फोन करायला लावला.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी आधी प्रश्नावली भरून घेतली, मग रक्त तपासलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, व्हिटॅमिन डी. हे महत्त्वाचं आहे मंडळी, कारण थकवा हा कशानेही येतो. नुसतं "हिवाळ्यामुळे होतंय" असं घरबसल्या ठरवू नका. माझं व्हिटॅमिन डी बरंच कमी निघालं, बी-१२सुद्धा काठावर. आम्ही घरचे माळकरी, अंडंही नाही, त्यामुळे बी-१२चं आश्चर्य नव्हतं. पण मुख्य निदान होतं सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. मराठीत ऋतुनुसार येणारं नैराश्य म्हणा. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं सॅड. आजाराला इतकं चपखल नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

रात्रीचा तो विचारही मी त्यांना सांगितला. सांगताना वाटलं, आता हे मला वेडा ठरवणार. त्यांनी पेन खाली ठेवलं, शांतपणे दोन-चार प्रश्न विचारले, आणि म्हणाल्या, "हे सांगितलंस ते फार बरं केलंस." बस.

एका इंजिनियरची वही

निदान झाल्यावर मी काय केलं असेल? इंजिनियर माणूस, वाचत सुटलो. आणि त्यात दोन माणसं सापडली, ती मला फार जवळची वाटतात.

पहिला नॉर्मन रोझेन्थाल. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचा, म्हणजे भरपूर उन्हातला डॉक्टर. १९७६ साली तो अमेरिकेत न्यूयॉर्कला आला आणि हिवाळा सुरू झाल्यावर आपला उत्साह कुठे गेला हे त्याला कळेना. वसंत आला की पुन्हा सगळं ठीक. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करताना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं, नाव दिलं. म्हणजे ज्याने नाव दिलं तोही आपल्यासारखाच उन्हातून अंधारात गेलेला माणूस.

दुसरा हर्बर्ट कर्न. हा डॉक्टर नव्हे, इंजिनियर! आपली मनःस्थिती कधी चढते, कधी उतरते याच्या नोंदी तो वर्षानुवर्षं वहीत ठेवत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉग ठेवत होता. त्याला दिसलं की हे दरवर्षी ऋतूबरोबर होतंय. तो नोंदी घेऊन त्याच संस्थेतल्या संशोधकांकडे गेला. त्यांनी हिवाळ्यात त्याला तीव्र प्रकाशासमोर बसवून त्याचा दिवस कृत्रिमरीत्या लांबवला, आणि काही दिवसांत त्याला बरं वाटू लागलं. १९८२ साली ते प्रसिद्ध झालं. आज ज्याला लाइट थेरपी म्हणतात तिच्या सुरुवातीला एका पेशंटचा लॉग आहे.

मला हे वाचून फार आधार वाटला. कारण त्याने "माझ्यात दम नाही" असं लिहून वही बंद केली नाही. त्याने बघितलं की यात पॅटर्न आहे.

शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं

आता थोडं विज्ञान, सोपं करून.

आपल्या मेंदूत एक छोटं घड्याळ आहे. त्याचा दिवस सरासरी २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. म्हणून ते रोज जुळवून घ्यावं लागतं, सर्व्हरचं घड्याळ आपण सिंक करतो तसं. आणि ते सिंक होतं मुख्यतः सकाळच्या उजेडाने. डोळ्यात दिसण्यासाठीच्या पेशी असतात त्यांच्याशिवाय आणखी एक प्रकारच्या पेशी असतात. "उजेड आहे की नाही" एवढीच खबर त्या त्या घड्याळाला देतात. उजेड आला की रात्रीचं हॉर्मोन मेलाटोनिन थांबतं. उजेड आलाच नाही तर घड्याळ मागे पडत जातं. तुम्ही उठून कामाला लागता, पण आत अजून रात्रच चालू असते.

"पण ऑफिसमध्ये ट्यूबलाइट होत्या की!" मलाही हेच वाटलं होतं. आता आकडे ऐका. उजेड लक्समध्ये मोजतात. चांगल्या ऑफिसात टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स असतात. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा हजारांत असतात. आणि निफाडच्या भर उन्हात? एक लाखाच्या आसपास. आपले डोळे इतके पटकन जुळवून घेतात की हा फरक आपल्याला जाणवतच नाही. शरीराच्या घड्याळाला मात्र जाणवतो.

इकडच्या लोकांनी हे फार गंभीरपणे घेतलंय. उत्तर स्वीडनमधल्या उमेओ शहरात २०१२च्या हिवाळ्यात बसस्टॉपवर लाइट थेरपीचे दिवे लावले होते, बसची वाट बघता बघता उजेड घ्या! नॉर्वेतलं र्‍युकान गाव दरीत आहे, तिथे सप्टेंबर ते मार्च थेट ऊन पोहोचतच नाही. २०१३ मध्ये त्यांनी डोंगरावर मोठे आरसे बसवले आणि ऊन गावच्या चौकात आणलं. लोक गॉगल लावून तिथे उभे राहिले. आपल्याकडे उन्हाची किंमत नाही, कारण ते फुकट आणि नको इतकं मिळतं.

आता मी काय करतो

हा माझा तिसरा हिवाळा. माझी यादी सांगतो. हे डॉक्टरी औषधपत्र नाही, माझं रूटीन आहे. तुमचं तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

एक, सकाळचा दिवा. १०,००० लक्सचा लाइट बॉक्स मिळतो. उठल्यावर तासाभरात, साधारण अर्धा तास, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर ठेवून मी त्याच्यासमोर चहा पितो, मेल वाचतो. दिव्याकडे टक लावून बघायचं नसतं, तो समोर थोडा बाजूला असला की पुरे. संध्याकाळी लावायचा नाही, झोप उडते. आणि नीट ऐका: ज्यांना बायपोलर आजार आहे, डोळ्यांचा काही त्रास आहे किंवा उजेडाने त्रास होईल अशी औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरायचा नाही. बायपोलरमध्ये याने मन एकदम उलट्या टोकाला जाऊ शकतं.

दोन, दुपारी बारा वाजता चालणं. कॅलेंडरवर ती वेळ ब्लॉक केलेली आहे, "मीटिंग" म्हणून. पाऊस असो, बर्फ असो, अर्धा तास बाहेर. जिमला जातो, पण चालण्याचा फायदा वेगळा: व्यायाम आणि उजेड दोन्ही एकदम मिळतात. त्या फिनिश सहकाऱ्याबरोबर आठवड्यातून दोनदा अजूनही चालतो. ती अजूनही फारसं बोलत नाही.

तीन, उठायची वेळ एकच. रविवारीसुद्धा. हे सगळ्यात अवघड आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचंही. जास्त झोपून हा थकवा जात नाही, घड्याळ आणखी मागे पडतं.

चार, व्हिटॅमिन डी. हे आपल्या त्वचेत उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी तयार होतं. इतक्या उत्तरेला साधारण ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की ते किरण पोहोचतच नाहीत. आपली सावळी त्वचा असेल तर उन्हाळ्यातही जास्त वेळ ऊन लागतं. काचेतून येणाऱ्या उन्हाने किंवा त्या लाइट बॉक्सने व्हिटॅमिन डी मिळत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून गोळी. पण तपासून आणि सांगितली तेवढीच. आपल्याकडे "साठ हजारांचं सॅशे" शेजारच्या काकूंनी घेतलं म्हणून घरादाराने घेतात. कृपा करून असं करू नका. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास होतो.

पाच, खाणं. इथल्या भारतीय दुकानात बाजरीचं पीठ मिळतं. रविवारी भाकरी, लसणाची चटणी, तीळ घालून भाजी. भाकरी थापताना अर्धा तास मोबाइल हातात नसतो, हा वेगळाच फायदा. आईचे डिंकाचे लाडू दिवसाला एक. एकच. पहिल्या वर्षी एका बैठकीत सहा खाल्ले होते, ती भूक नव्हती.

सहा, कपडे, वचन दिलंय म्हणून. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन थर करा: अंगालगत लोकरीचा पातळ थर, मधे ऊबदार, बाहेर वारा-पाणी अडवणारा. आतून सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि मग गार पडतं. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे घ्या, बर्फावर घसरून हात मोडणं फार सोपं असतं. आणि अंधारात गाड्यांना दिसावं म्हणून जॅकेटला चमकणारी पट्टी लावा, इथे आजोबांपासून बालवाडीतल्या पोरांपर्यंत सगळे लावतात. हीटरने हवा कोरडी होते, ओठ फुटतात, त्वचा खाजते, तेव्हा अंघोळीनंतर लगेच तेल किंवा क्रीम. आपलं खोबरेल इथे बाटलीत दगड होऊन बसतं, आधी गरम पाण्यात ठेवा!

सात, बोलण्याचे उपचार. मला डॉक्टरांनी सीबीटी सुचवली, म्हणजे विचार आणि सवयी यांच्यावर काम करणारी थेरपी. अमेरिकेत केली रोहन या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या संशोधनात दिसलं की त्या हिवाळ्यापुरतं लाइट थेरपी आणि सीबीटी दोन्ही सारखंच काम करतात, पण दोन हिवाळ्यांनंतर बघितलं तर सीबीटी घेतलेल्यांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण कमी होतं. मला त्यातून एक गोष्ट मिळाली. "मी आळशी आहे" हे वाक्य आलं की मी ते वहीत लिहितो आणि शेजारी लिहितो: काल किती वाजता झोपलो, बाहेर किती मिनिटं होतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच दिसतं.

आणि हो, हे एकदा केलं की कायमचं सुटलं असं नाही. गेल्या वर्षी डिसेंबरात रिलीज होती. दोन आठवडे दिवा बंद, चालणं बंद, रात्री दोनपर्यंत लॅपटॉप. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच: कॅमेरा बंद, कॉल टाळणं. फरक एवढाच की यावेळी मला ओळखता आलं, आणि मी दहा दिवसांत सावरलो. आता ऑक्टोबर उजाडला की दिवा टेबलावर येतो, बरं वाटत असलं तरी.

पुण्यात बसलेल्यांसाठी

तुम्ही म्हणाल, आम्ही हिंजवडीत आहोत, आम्हाला याचं काय? तर तुमच्यातले जे यूएस शिफ्ट करतात ते आठवून बघा. पहाटे झोपायचं, जाड पडदे ओढून दुपारपर्यंत झोपायचं, संध्याकाळी कॅब, रात्रभर एसीत. १८ अंश अक्षांशावर राहून तुम्ही स्टॉकहोमचा डिसेंबर जगताय. भारतात एवढं ऊन असून इतक्या शहरी लोकांचं व्हिटॅमिन डी कमी निघतं, त्यामागे हेही एक कारण आहेच. उठल्याबरोबर गच्चीत किंवा बाल्कनीत जा, चहा तिथे प्या. सुट्टीच्या दिवशी हुरडा पार्टीला बोलावलं तर जा. फुकटचं ऊन आहे, घ्या.

अण्णा काय म्हणाले

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

घरी सांगायला मला फेब्रुवारी उजाडला. उपचार सुरू होते, थोडं बरं वाटत होतं. आई रडेल हे माहीत होतं, ती रडलीच. "अरे, मग आधी का नाही सांगितलंस? मी रोज विचारत होते ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

मला खरी धास्ती अण्णांची होती. अण्णांनी आयुष्यभर बाग केली. गारपीट पाहिली, बेमोसमी पाऊस पाहिला, पडलेले भाव पाहिले. त्यांच्यापुढे "मला उदास वाटतं" कसं म्हणायचं? ते फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, आता म्हणतील की हे श्रीमंतांचे आजार.

मग ते म्हणाले, "खरड छाटणीनंतर आभाळ राह्यलं ना, तर काडीत घड भरत नाही. पाणी दे, खत दे, काय पण कर. ऊनच नाही तर काडी काय करील? आपण वेलाला शिव्या देतो का?"

मी म्हणालो, "नाही, अण्णा."

"मग?" म्हणाले. आणि आईला सांगितलं, "त्याला विचार, तो दिवा केवढ्याला येतो."

अण्णांच्या त्या "मग?"ने माझं जेवढं काम केलं तेवढं कुठल्याच लेखाने केलं नाही.

आमच्याकडे म्हणतात, संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो. निफाडमध्ये ते खरंच तिळाएवढं असतं, २१ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत जेमतेम सात-आठ मिनिटं. इथे तेवढ्याच दिवसांत जवळपास पाऊण तास वाढतो. पहिल्या वर्षी मी ते पाहिलंच नाही, पडदा ओढून झोपलो होतो. आता दर रविवारी सूर्य कधी मावळला ते वहीत लिहितो. डिसेंबरात स्वीडिश लोक खिडकी-खिडकीत दिवे आणि कागदी चांदण्या लावतात, माझ्या खिडकीत दिवाळीचा आकाशकंदील जानेवारीपर्यंत असतो. आणि संक्रांतीला त्या फिनिश सहकाऱ्याला मी तिळगूळ देतो. ती मराठीत "गोड बोला" म्हणते, आणि मग नेहमीसारखी गप्प चालायला लागते.

तर मंडळी, तुमचा कोणी मित्र, मैत्रीण, भाऊ-बहीण पहिल्यांदाच परदेशात हिवाळा काढत असेल, तर त्यांना आज एक मेसेज करा. "कसा आहेस" विचारू नका. विचारा, "झोप किती होते? आज बाहेर किती वेळ होतास?" उत्तर यायला उशीर लागला तर पुन्हा विचारा.

आणि जगणंच नको वाटण्याचे विचार येत असतील तर वाट बघू नका, आजच कोणाला तरी सांगा. भारतात टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. युरोपियन युनियनमधल्या देशांत कुठेही असाल तर तातडीसाठी ११२. बाकी जिथे असाल तिथला नंबर विमानातून उतरल्या दिवशीच फोनमध्ये सेव्ह करा, सिमकार्ड घेतो तसं.

हा भाग ज्याला गरज आहे त्याला पाठवा. पुढच्या भागात भेटू. आता मी आईला फोन करतो, तिच्याकडे साडेआठ वाजून गेलेत आणि ती वाट बघत असेल. कॅमेरा चालू ठेवून करतो.

काळजी घ्या. उन्हात बसा!